राग आणि वीतराग

आमच्या बेळगावकडच्या बायका एकत्र आल्या की आधी भाजीचे दर निघतात, मग गुडघे, मग सुना. अलीकडे त्यात चौथा विषय आला आहे: "काय ऐकूलाय सध्या?" हातात फोन आल्यापासून भाकरी थापतानाही कानाशी गाणं असतं, तेव्हा हा प्रश्न निघणारच. मला तो आवडतो. नवी साडी कुठून घेतली यापेक्षा तो नक्कीच बरा.

पण उत्तरं कशी येतात बघा. एक म्हणते, "किशोरीताईंचा मीरेचा अल्बम." दुसरी म्हणते, "भीमसेनांचे अभंग." तिसरी म्हणते, "ते कुमारांचं निर्गुण." बाकीच्या "छान आहे हं ते" म्हणतात आणि विषय संपतो. काय छान आहे, कशामुळे छान आहे, तिसऱ्यांदा ऐकताना पहिल्यापेक्षा वेगळं काय सापडलं, हे कुणी विचारत नाही. आमटी चाखून आपण "मीठ किंचित कमी, गूळ चालला असता" असं नेमकं सांगतो. गाण्याच्या वाट्याला मात्र एकटं "छान" येतं. म्हणून वरच्या तीन उत्तरांवर जरा सविस्तर लिहायचं ठरवलं. शिवाय आमच्या समाजात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: आपण जैन, मग विठ्ठलाचे अभंग आणि कृष्णाची भजनं कशाला ऐकायची? त्या प्रश्नाला बगल द्यायची नाही, असंही ठरवलं आहे.

आधी अल्बम या गोष्टीबद्दल. जुन्या तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. हुबळीच्या गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी 'गांधारी' या नावाने निघाल्या. तेव्हा त्यांना रागाचा सगळा संसार त्या तीन मिनिटांत मांडावा लागे. मग लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर जागा झाली. पुढे साठ मिनिटांची कॅसेट आली, तिची एक बाजू अर्ध्या तासाची. जागा वाढली तसा क्रमही आला. आधी काय, मग काय, बाजू कशावर संपवायची, उलटल्यावर कशाने सुरू करायची, हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असे. ताट वाढताना मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुठे हे ठरलेलं असतं ना, तसंच. फोनवर मात्र अभंग संपतो न संपतो तोच लग्नाच्या वरातीचं गाणं सुरू होतं. ताट वाढणारा आपल्या घरचा नाही.

क्रमाचं महत्त्व कळायला गीतरामायण बघावं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ती मालिका वर्षभर चालली. एकंदर ५६ गाणी, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आपल्या आवडीची पाच गाणी काढून ऐकली तर पाच सुंदर गाणी ऐकल्याचा आनंद मिळतो, रामायण मिळत नाही. आणि दुसरी एक गोष्ट. जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर कवी कोण, संगीतकार कोण ते छापलेलं असे. आता ते कुणी वाचत नाही. 'इंद्रायणी काठी' हा कुणा संताचा अभंग आहे असं मला आजवर निदान दहा जणींनी सांगितलं असेल. ते गाणं 'गुळाचा गणपती' या १९५३ च्या चित्रपटातलं आहे. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज भीमसेनांचा. हे कळल्याने गाण्याची गोडी कमी होत नाही, उलट गदिमांबद्दलचा आदर वाढतो. म्हणून म्हणते, काय ऐकता हे सांगताना कुणाचं आहे हेही सांगावं.

आता भीमसेन. त्यांचा जन्म गदगजवळ रोणचा, गुरू कुंदगोळचे सवाई गंधर्व, कर्मभूमी पुणे. मराठी अभंग आणि कानडी दासपदं दोन्ही त्यांनी सारख्याच हक्काने गायली. आम्हा सीमेवरच्या लोकांना याचं अप्रूप जास्त. इथे दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून भांडणं होतात, आणि हा माणूस नामदेव आणि पुरंदरदास एकाच गळ्यातून काढतो. तसं पाहिलं तर विठ्ठलाला कानडा म्हणणारे ज्ञानोबाच, आणि पुरंदरदासांच्या पदांवरची मुद्रिकाही पुरंदर विठ्ठलाचीच. देव कधीच सीमेच्या अलीकडे-पलीकडे बसला नाही.

'अभंगवाणी' ऐकताना पहिली पकड बसते ती लांबवलेल्या सुराची. शब्द यायच्या आधीच आवाजाने देऊळ उभं केलेलं असतं. विठ्ठल हा शब्द पुन्हा पुन्हा येणारा नामदेवांचा अभंग आहे, त्याला राम फाटकांनी चाल दिली. त्यात प्रत्येक वेळचा 'विठ्ठल' वेगळा लागतो. एकदा हाक, एकदा उत्तर, एकदा नुसता श्वास. टाळ आणि पखवाज त्या शब्दाखाली जमिनीसारखे असतात. पण माझी एक तक्रार आहे, आणि थोरांबद्दल तक्रार करू नये असं मी मानत नाही. जिथे संत थकलेला आहे, रडवेला आहे, तिथेही भीमसेनांचा आवाज धिप्पाडच राहतो. तान चढत जाते, ऐकणारा दमसासाला दाद देतो, आणि अभंगातलं दुःख टाळ्यांत वाहून जातं. उलट कानडी दासपदांत त्यांचा आवाज घरगुती होतो. लक्ष्मीला घरी बोलावणारी पुरंदरदासांची ती रचना ऐका. इकडे शुक्रवारी बायका घरोघर ती म्हणतात. भीमसेन ती गातात तेव्हा लक्ष्मी उंबरठ्यावर आली आहे आणि तिला दचकवायचं नाही, अशी काळजी स्वरात असते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकलं की एकाच गायकातले दोन स्वभाव दिसतात.

किशोरीताईंचं उत्तर देणाऱ्या बायका सर्वांत जास्त. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीच्या. साळावली धरणात ते गाव बुडालं, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून वर येतं. मोगूबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या. आईकडून मिळालेली ती शिस्त किशोरीताईंनी सांभाळली आणि तिच्या चौकटीबाहेरही गेल्या. रागाच्या भावाचा विचार त्यांनी आयुष्यभर केला, 'स्वरार्थरमणी' हे पुस्तक लिहिलं. 'म्हारो प्रणाम' ऐकताना तो विचार कानाला कळतो.

यात मीरेची भजनं आहेत, पण भजनी मंडळात बसल्यासारखं वाटत नाही. मुख्य भजन यमनच्या अंगाने जातं, आणि 'प्रणाम' या एका शब्दावर त्या इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी येतात की वाकण्याचे किती प्रकार असू शकतात हे समजतं. पहिल्या वेळी हात जोडले जातात, नंतर मान झुकते, नंतर वाकणारी बाईच उरत नाही. इथे शब्द स्वरात विरघळतो. हेच या अल्बमचं बळ आणि हीच त्याची उणीव. काही ठिकाणी व्यंजनं इतकी मऊ होतात की मीरा काय म्हणते ते पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही. मीरा तर राणाला तोंडावर सांगणारी बाई, तिच्या बोलण्याला धार आहे. किशोरीताईंच्या मीरेत ती धार क्वचित लागते, शरणागती मात्र पूर्ण आहे. मला विचाराल तर ही मीरेच्या एका बाजूची मीरा आहे. पण त्या बाजूचं इतकं खोल गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

तिसरे कुमार गंधर्व. हे तर आमच्या जिल्ह्याचे, सुळेभावीचे. १९२४ चा जन्म, मूळ नाव शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणीच नाव झालं, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, आणि ऐन उमेदीत क्षय झाला. १९४८ मध्ये हवापालटासाठी इंदूरजवळच्या देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं. ज्याचं सगळं जगणं गळ्यात, त्याला गप्प बसायला सांगितलं. त्या काळात माळव्याच्या बायकांची गाणी आणि दारावर येणाऱ्या नाथपंथी साधूंची भजनं त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे ते पुन्हा गायला लागले तेव्हा जे निर्गुण आपल्यापर्यंत आलं, त्याची मुळं त्या गप्प वर्षांत आहेत.

म्हणून त्यांच्या कबीराच्या भजनांत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती मधली शांतता. शब्द विहिरीत खडा टाकावा तसा टाकतात आणि थांबतात. खडा पाण्याला लागल्याचा आवाज आपल्या आत येतो. आजारानंतर दीर्घ श्वासाचं गाणं त्यांना जड होतं असं सांगतात. पण ज्याला लोक अडचण म्हणतात त्यातूनच त्यांनी शैली घडवली. लहान लहान तुकडे, एकदम वर फेकलेला स्वर, मग रिकामी जागा, त्या जागेत फक्त जुळलेले तंबोरे. वसुंधराताईंच्या साथीत गायलेल्या भजनांत दोन आवाज एकमेकांना सजवत नाहीत, दोन साधू एका रस्त्याने चालल्यासारखे वाटतात. भीमसेनांकडे देव समोर उभा असतो, किशोरीताईंकडे देवात विरून जायचं असतं, कुमारांकडे समोर कुणीच नसतं. पहिल्यांदा ऐकताना भीती वाटते. मग त्या भीतीची सवय होते, आणि पुढे तीच हवीशी वाटते.

इथे तो दबक्या आवाजातला प्रश्न घेते.

आपल्याकडे जग निर्माण करणारा देव नाही. णमोकार मंत्रात एकाही व्यक्तीचं नाव नाही. अरिहंतांचे ४६ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५, साधूंचे २८, असे १४३ गुण पाठशाळेत आपण पाठ करतो. आपला नमस्कार त्या गुणांना असतो. मग निर्गुणाशी आपलं नातं काय? शब्दावर गेलं तर काहीच नाही. पण हंस एकटाच उडून जाणार, हे सांगणारं कुमारांचं भजन ऐकताना बारा भावनांतली एकत्व भावना आठवत नाही, असं कुणी श्राविका प्रामाणिकपणे म्हणू शकेल का? जीव एकटा येतो, एकटा जातो, केलेलं एकट्याने भोगतो. पर्वात आपण हे दरवर्षी ऐकतो आणि प्रवचन संपलं की चपला शोधायला लागतो. कुमारांच्या त्या भजनानंतर उठून लगेच कामाला लागता येत नाही. अनित्य भावनेचंही तसंच. शिकवण आपलीच आहे, कानात शिरली ती कबीराच्या वाटेने. आणि किशोरीताईंच्या 'प्रणाम'मधून कृष्ण बाजूला ठेवला तरी वाकणं उरतं. विनयाला आपल्याकडे अंतरंग तपात स्थान आहे.

काही जणी पुढे म्हणतात, "पण राग म्हणजेच बंध. आपला देव वीतराग, आणि तुम्ही राग ऐकत बसता." ही कोटी वाटली तरी प्रश्न खरा आहे. गाण्यातला राग रंगवतो आणि कर्मातला रागही रंगवतो, दोन्हींचा धातू एकच. पण शास्त्रानेही सगळा राग एका पारड्यात टाकलेला नाही. पूज्यांच्या ठायी असणाऱ्या भक्तीला प्रशस्त राग म्हटलं आहे. स्वयंभूस्तोत्रात समंतभद्राचार्य सांगतात की वीतरागाला आपल्या पूजेशी काही देणंघेणं नाही, तरीही त्यांच्या गुणांचं स्मरण आपलं मन स्वच्छ करतं. याच्याइतकी नेमकी कसोटी गाण्यालाही दुसरी नाही. ऐकून झाल्यावर मनाचं काय झालं? शांत झालं, मऊ झालं, की आणखी चार वस्तू हव्याशा वाटल्या? पहिलं झालं असेल तर ते गाणं पंढरपूरचं असो की माळव्याचं, आपल्या कामाचं आहे. दुसरं झालं असेल तर त्यावर महावीरांचं नाव असलं तरी उपयोग नाही. आपल्या पूर्वसूरींना संगीताचं वावडं नव्हतं. पार्श्वदेवांसारख्या दिगंबर ग्रंथकाराने संगीतावर ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिलं 'संगीतसमयसार'.

आदिपुराणातली नीलांजनेची कथा आपल्याला माहीत आहे. ऋषभदेवांच्या सभेत नृत्य चालू असताना नीलांजनेचं आयुष्य संपतं. रसभंग नको म्हणून इंद्र त्याच क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी उभी करतो. सभेला काही कळत नाही, नाच चालूच राहतो. ऋषभदेवांना कळतं, आणि तिथूनच वैराग्य सुरू होतं. ही कथा आपण कलेच्या विरुद्ध सांगतो: बघा, नाचगाणं क्षणभंगुर. मला ती उलटी दिसते. त्या सगळ्या सभेत नृत्य खरोखर बघत होते ते एकटे ऋषभदेव. बाकीच्यांसाठी तो नुसता मागे चालू असलेला कार्यक्रम होता. जो पूर्ण लक्ष देऊन बघतो त्यालाच एक गेली आणि दुसरी आली हे दिसतं. रागातून वीतरागाकडे जायची वाट कान बंद करून सापडत नसावी, कान पुरते उघडून सापडत असावी.

हे सगळं लिहिण्यामागे एक रागही आहे, अप्रशस्त म्हणा हवं तर. दशलक्षण पर्वात बऱ्याच ठिकाणी जी भक्तिगीतं लावतात ती ऐका. सिनेमाची चाल, खाली कीबोर्ड आणि ढोलाचे ठोके, वर तीर्थंकरांचं नाव. चाल ओळखीची असल्याने ऐकणारीच्या मनात नायक-नायिका नाचतात आणि तोंडात आदिनाथ. याला कुणी काही म्हणत नाही, कारण शब्द आपले असतात. आणि कबीर ऐकणारीला मात्र जाब विचारला जातो!

भक्तामराचे तर हालच आहेत. मानतुंगाचार्यांनी ते वसंततिलका वृत्तात रचलं. एका चरणात १४ अक्षरं, लघु-गुरू ठरलेले, मात्रा मोजल्या तर २१. सोप्या चालीसाठी हे आठ मात्रांच्या केरव्यात बसवतात. आठ त्रिक चोवीस, म्हणजे तीन मात्रा जास्तीच्या. त्या कुठे घालायच्या यातच संगीतकाराची पारख. जाणता माणूस चरणाच्या शेवटच्या गुरूवर थांबेल, तिथे श्वासही घेता येतो. बेफिकीर माणूस मधल्याच एखाद्या लघु अक्षराला ओढतो. ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, समास मधेच तुटतो आणि संस्कृतचा अर्थ जातो. आमच्या मंडळातल्या वयस्क अक्का तोंडी भक्तामर म्हणतात तेव्हा एकही अक्षर वावगं जात नाही. त्यांना वृत्ताचं नावही माहीत नाही, पण त्यांच्या आईने तसं म्हटलं होतं. तेच अक्षर रेकॉर्डिंगमध्ये वाकडं होतं आणि नाती ते वाकडंच पाठ करतात. हे नुकसान छोटं नाही. एका पिढीच्या कानात चुकीचं बसलं की दुरुस्त करायला मागे अक्का राहणार नाहीत.

म्हणून रेकॉर्डिंगसाठी वर्गणी मागायला येणाऱ्यांना आपण बायकांनीच काही अटी घालाव्यात. चाल उसनी नको. वाद्यं कमी, तंबोरा हवा. वृत्ताला धक्का लागता कामा नये. गाणाऱ्याला अर्थ माहीत हवा, आणि दोन श्लोकांमध्ये कुमारांसारखी थोडी जागा हवी. वेष्टनावर आचार्यांचं नाव, चाल देणाऱ्याचं नाव, गाणारीचं नाव हवं. श्लोक ४८. एकाला अर्धं मिनिट धरलं, म्हणजे शांतपणे, घाई न करता, तर सगळं चोवीस मिनिटांत होतं. कॅसेटच्या एका बाजूत बसेल एवढंच. भाजी निवडून होते तेवढ्या वेळात. एक आवाज, एक तंबोरा आणि आपल्या अक्कांचे उच्चार, एवढं कुणी करून दिलं तर वर्गणी मी दुप्पट देईन.